अकरा किलो चारशे

— नाही, ते पांघरूण असं ओढू नका, साहेब, सावकाश, पायावर पडेल तुमच्या. पाच किलोचं आहे ते. त्याच्याखाली अजून एक पाचाचं आहे. मी दारातच सांगत होतो की यात बाळ नाही, वजनं आहेत, पण ती तुमची धातू शोधणारी चौकट अशी बोंबलायला लागली की माझं ऐकतो कोण — आणि तिकिटाच्या खिडकीतल्या बाई ओरडल्या, "अहो, आधी बाळाला बाहेर काढा!" — तिथून सगळा घोळ झाला. बाळ असेल तर काढणार ना? बाळ उद्या येणार आहे. आज नुसती वजनं. बसू का? बसतो. गुडघे ऐकत नाहीत हल्ली. तर लिहून घ्या, वही आहेच तुमच्यासमोर — पाचाची दोन, एकाचं एक, दोनशेची दोन. एकूण अकरा किलो चारशे. पाचाची आणि एकाचं लोखंडी, दोनशेची पितळी. सगळी प्रमाणित आहेत, शिक्के आहेत तळाला, बघा हवं तर उलटं करून — दोन्ही हातांनी. कंबरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. हां, असं.

टोपी? टोपी एकाच्या वजनाला घातली आहे. एकाचं वजन म्हणजे डोकं. — नाही, तुमचा प्रश्न रास्त आहे, मी तुमच्या जागी असतो तर मीही विचारलं असतं. म्हणजे बघा, पाचाची दोन म्हणजे धड, ती बसायच्या जागी. एकाचं वर, डोक्याकडे. दोनशेची दोन पायांकडे, पट्ट्याखाली. या वयात डोकं जास्त भरतं खरं, एकाच्या बरंच वर जातं, पण तसं वजन माझ्या पेटीत नाही, मग काय करणार? आणि टोपी अशासाठी की उघडं वजन गाडीच्या नळीवर आपटून वाजत होतं. शिवाय ऊन होतं. — लोखंडाला ऊन लागत नाही, मला ठाऊक आहे, साहेब. पण सराव करायचा तर पुरता करावा माणसानं. टोपी घालायला किती वेळ लागतो, घातल्यावर राहते का, वाऱ्यानं उडते का, हे घातल्याशिवाय कसं कळणार? एकदा उडाली. तळ्यापाशी. एका बदकानं जरा चोच लावून पाहिली आणि सोडून दिली. ओली आहे अजून, हात लावून बघा.

मी वजनमापे निरीक्षक. होतो, असं म्हणायला हवं, निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली, पण तोंडातून "आहे" असंच निघतं. चौतीस वर्षं दुकानोदुकानी हिंडून काटे तपासले. भाजीवाल्याचा, भंगारवाल्याचा, सोनाराचा, ट्रक उभा करतात तो भुईकाटा — एक सोडला नाही. बाकीच्यांना निरोपाला घड्याळ देतात. मला हा माझाच रोजच्या वापरातला वजनांचा जुना संच दिला, लाकडी पेटीसकट. घड्याळापेक्षा बरा. घड्याळ मागेपुढे होतं. — आता हा तुमच्या टेबलावरचा काटा, लोकांच्या पिशव्या मोजायला ठेवलाय ना? तो रिकामा असताना दोनशे दाखवतोय. वर काहीच नाही आणि दोनशे ग्रॅम. नाही नाही, मी काही म्हणत नाही. नुसतं पाहिलं. सवय हो, दुसरं काय. राहू द्या. तुमचा काटा, तुमचं संग्रहालय.

तुमचे मोठे साहेब जेवायला गेलेत का? येऊ देत की. मला दोनपर्यंत वेळ आहे. उद्या दोनलाच तिला परत पोचवायचं आहे, त्यामुळे आजही मी दोनपर्यंतच आहे. कुणाला म्हणजे — भिंगरीला. भिंगरी माझी नात. खरं नाव वेगळं आहे, घरात भिंगरी म्हणतात, एका जागी टिकत नाही म्हणून — असं आमची ही सांगते. ही जाऊन येऊन असते मुलीकडे. मी नसतो. मी फोटो पाहिलेत. फोटोवरून वजन कळत नाही. तर माझी मुलगी, जावई आणि भिंगरी अशी तिघं दोन दिवस शहर बघायला येताहेत. त्यात उद्या दहा ते दोन त्या दोघांना एका कामाला जायचंय, लहान मूल नेता येणार नाही अशा — आणि तिनं मला फोन केला. मला. हिला नाही. हिचा पाय मुरगळलाय जिन्यावर, महिनाभर हिंडायचं नाही म्हणालेत डॉक्टर, ते आहेच, पण शहरात पाळणाघरं नाहीत का? हॉटेलातसुद्धा मुलं सांभाळायची सोय आहे, मी चौकशी केली. तरी तिनं मला फोन केला. तीन वर्षांनी. "बाबा, चार तास सांभाळाल का हिला?" म्हणाली. आता तीन वर्षांनी पोटच्या मुलीचा आवाज ऐकल्यावर माणसानं काय म्हणावं? — मी म्हणालो, "वजन किती आहे?"

मग म्हणाली, "अकरा किलो चारशे." मी म्हणालो, "कपड्यांसकट की कपड्यांशिवाय?" फोनच ठेवून दिला तिनं. ही पलंगावरून म्हणाली, "झालं समाधान? तीन वर्षांनी लेकीनं फोन केला आणि तुम्ही कपडे काढताय पोरीचे!" मी म्हणालो, अगं, उचलायची आहे ना, मग माहीत नको? ही भिंतीकडे तोंड करून पडली. आणि मग, साहेब — एक मिनिट झालं असेल, नसेलही — मोबाईल वाजला. निरोप आला होता. एकच शब्द. हा बघा. घ्या ना हातात, वाचा. "कपड्यांशिवाय." तीन आठवडे झाले. पुसला नाही मी. पुसायचं काय कारण?

म्हणून आज सकाळच्या पहिल्या गाडीनं आलो. आदल्या दिवशी सगळं बघून ठेवायचं म्हणून. बाबागाडी शेजारच्या सूनबाईंची, वजनं माझी. आमच्या वाचनालयात एक पुस्तक मिळालं, लहान मुलाला घेऊन शहरात कसं हिंडावं यावर, दोनदा वाचलं. त्यात म्हटलंय की एका दिवशी एकच मोठं ठिकाण बघावं, बाकी सगळं पोरावर सोडावं. दर चाळीस मिनिटांनी खायला काहीतरी द्यावं. दिलं. म्हणजे मीच खाल्लं, पण वेळेवर खाल्लं — केळं, बिस्किट, पुन्हा केळं, उकडलेला बटाटा. पोट तुडुंब आहे माझं. त्यांच्या हॉटेलापासून इथवर अकराशे चाळीस पावलं होतात, पण गाडी ढकलताना पाऊल आखूड पडतं, मग तेराशे दहा. वाटेत तीन पदपथ चढावे लागतात, दोनांना उतार आहे, तिसऱ्याला नाही, तिथं आपण पाठमोरं व्हायचं आणि गाडी ओढून घ्यायची. पुस्तकात हे नाही. तिसऱ्या खेपेला जमलं मला. मग तो कोपऱ्यावरचा मोठा बाजार आहे ना काचेचा, त्यातली लिफ्ट. हिनं बजावलंय की भिंगरीला बटण स्वतः दाबायला लागतं, दुसऱ्या कुणी दाबलं तर ती जमिनीवर आडवी होते. पाच मजले. म्हणजे अकरा चारशे उचला, बटण दाबा, खाली ठेवा, पुन्हा उचला. मी पांघरुणात सगळी वजनं बांधली आणि केलं. वर-खाली, वर-खाली. लिफ्टमध्ये एक जोडपं होतं, ते दुसऱ्याच मजल्यावर उतरलं. त्यांना पाचव्यावर जायचं होतं, बटण दाबलेलं होतं पाचचं.

आणि बसमध्ये तर — सांगू का? सांगतोच. एक आजी उठल्या आणि त्यांनी बाबागाडीसाठी जागा करून दिली. मी म्हणालो, बसा हो, याला जागा लागत नाही. त्या म्हणाल्या, "असं कसं, लेकरू आहे," आणि वाकून पांघरूण बाजूला केलं. टोपी, टोपीखाली एक किलोचं वजन, त्यावर तो शिक्का. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतात. पांघरूण नीट केलं, पट्टा तपासला, आणि म्हणाल्या, "आजोबांवर गेलंय हो अगदी." आणि पुढच्या थांब्याला उतरून गेल्या. हसू नका, साहेब. — बरं हसा. मी नाही हसलो. मला आत कुठेतरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आजवर मला कुणी असं काही म्हटलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला हा दिवसच आवडला. आपल्याला वाटतं पोराला फिरवायचं म्हणजे ताप असणार. मी या शहरात चौतीस वर्षं महिन्यातून दोनदा येत होतो. दुकानं पाहिली, गोदामं पाहिली, मंडईच्या मागची गल्ली पाहिली. तुमच्या समोर ते कारंजं आहे, ते आज पाहिलं. तिथं तळं आहे हेच मला माहीत नव्हतं. तळ्यावर पाऊण तास बसलो — पुस्तकात पाऊण तास म्हटलाय, त्यापुढे मुलं पाण्यात उतरायला बघतात. अकरा बदकं होती, मग बारावं आलं आणि बाकीची त्याच्यावर ओरडली. मी वजनांना सांगितलं, ते बघ, उशिरा आलं म्हणून रागावली. मोठ्यानं सांगितलं. बोलत राहावं असं पुस्तकात आहे. शेजारच्या बाकावरचा माणूस उठून गेला. जाऊ दे. उद्या ती उत्तर देईल. बोलते म्हणे. "अजून" म्हणते, "नको" म्हणते, आणि तिसरा शब्द आहे तो कुणालाच कळत नाही.

— हे? हे कपाळावर? ते झाड लागलं. तळ्याच्या वळणावर एक बाई बदकांसाठी दाणे विकायला बसते, हातातल्या तागडीनं तोलून देते. लांबूनच दिसत होतं मला, डावं पारडं लोंबत होतं. दोरी आखूड झालेली होती एका बाजूची. मग मी डोळे मिटले आणि गाडी ढकलत पुढे गेलो. गाडी झाडावर गेली, मी गाडीवर गेलो. वजनांना काही झालं नाही. — डोळे का मिटले? अट आहे, साहेब. त्या पहिल्या फोनच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला मुलीचा. म्हणाली, "एक अट आहे, बाबा. चार तास. चार तासांत तुम्ही कुणाचाही काटा तपासायचा नाही. एकही नाही. बघायचा नाही, विचारायचं नाही, हात लावायचा नाही. भिंगरीचा दिवस तुम्ही त्यात घालवलात तर ती पुन्हा तुमच्याकडे यायची नाही. मी पाठवायची नाही." मी म्हणालो, बरं. ती म्हणाली, "नुसतं बरं म्हणू नका, जमेल का सांगा." मी म्हणालो, बघतो. म्हणून तर आज आलोय. वजन उचलायचा सराव तर घरीही झाला असता. मला बघायचं होतं, सकाळपासून दुपारपर्यंत शहरातून हिंडायचं आणि एकाही काट्याला हात लावायचा नाही, हे मला होतं का. आतापर्यंत सहा सोडले. फळवाला, पोस्टातला, रद्दीवाला, दाणेवाली, औषधाच्या दुकानातला तो उभं राहायचा, आणि मिठाईवाला. मिठाईवाला सरळ सरळ काटा मारत होता. अंगठा होता त्याचा पारड्यावर. मी रस्ता ओलांडला. घाम फुटला मला, पण ओलांडला.

— तुमचा? तुमचा सातवा. मी त्याच्याकडे बघत नाहीये. मी खिडकीकडे बघतोय. खिडकीच्या काचेत दिसतोय तो, त्याला मी काय करू?

का म्हणजे? तीन वर्षं का बोलत नव्हती? — ते जाऊ द्या. ते घरातलं आहे. — म्हणजे सांगण्यासारखं आहे, पण माझी चूक नव्हती त्यात. मी कायद्यानं वागलो. ऐका, तुम्ही गणवेशातले आहात, तुम्हाला पटेल. लग्नाला आठ दिवस होते. आम्ही दोघं व्याह्यांकडे गेलो होतो, काय-काय ठरवायचं राहिलं होतं म्हणून. खाली त्यांचं दुकान, धान्याचं, वर घर. विहीणबाई म्हणाल्या, चहा होतोय, बसा. मी म्हणालो, जरा खाली पाय मोकळे करतो. तेवढंच. मनात काही नव्हतं माझ्या. पण काटा सपाट बसलाय का ते दाखवणारा, काट्याखालच्या पाण्यातला बुडबुडा मधोमध नव्हता. तुम्हाला सांगतो, इतका कडेला! आणि माझ्या खिशात दोनशेचं वजन असायचंच, हे यांतलंच एक, डाव्या पायाचं. ठेवून पाहिलं. मग पिशवीतून एकाचं आणून ठेवलं. किलोमागे तीस ग्रॅमचा फरक. मी व्याह्यांना म्हणालो, हा काटा चुकीचा आहे. ते म्हणाले, "हो का? बघतो दुरुस्त करून." बघतो नाही चालत, साहेब. काटा चुकीचा सापडला की जागेवर बंद. मी दोरी लावली, लाख लावली, शिक्का मारला, कागद केला, त्यावर त्यांची सही घेतली. मग वर जाऊन चहा घेतला. चहा चांगला होता.

आता तुम्ही म्हणाल, व्याही लबाड होते. तीच तर गंमत. लबाड नव्हते. काटा उलटा चुकत होता. किलोला तीस ग्रॅम गिऱ्हाइकाला जास्त जात होते. वर्षानुवर्षं तो माणूस लोकांना तीस-तीस ग्रॅम फुकट वाटत बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. पण चूक ती चूक. कुणाच्या बाजूनं चूक, हे कायदा विचारत नाही, मग मी का विचारू? पण गावाला एवढंच दिसलं की लग्नाच्या तोंडावर मुलीच्या बापानं येऊन व्याह्याच्या काट्याला सील ठोकलं. तीस वर्षांचं दुकान. लोक बाहेर उभं राहून कुजबुजायला लागले. व्याही चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. लग्न झालं, झालं नाही असं नाही. मी मांडवात होतो. व्याह्यांनी मला हात जोडले, पाणी विचारलं, सगळं रीतीनं केलं. मुलीनं फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना ही तिच्या गळ्यात पडून रडली, माझी वेळ आली तर मुलगी म्हणाली, "बाबा, एक दिवस. एक दिवस तुम्हाला नुसता बाप होता आलं नाही?" आणि गाडीत बसली. तिथपासून तीन वर्षं.

मला तेव्हा राग आला होता. मला वाटलं, पोरीला कोणी भरवलंय. कुठला एक दिवस? मी काय केलं होतं तिला आयुष्यभर? तिला सगळीकडे नेलं मी. प्राणिसंग्रहालयात नेलं, बागेत नेलं, जत्रेत नेलं, समुद्रावर नेलं. हिला विचारलं मी, नेलं की नाही? ही म्हणाली, "नेलंत. आणि प्राणिसंग्रहालयात तुम्ही शेंगदाणेवाल्यापाशी दीड तास होतात. माकडं बंद झाली तोवर." म्हणाली, "समुद्रावर तुम्ही मासळीबाजारात गेलात ते आम्ही अंधार पडेपर्यंत वाळूत बसलो होतो." मला हे आठवतही नव्हतं, साहेब. मला त्या दिवशीचा मासळीबाजार आठवत होता. दोन काटे धरले होते मी तिथं. वाळू नाही आठवली.

एक मात्र आठवलं. ते हिला माहीत नाही, तिथं आम्ही दोघंच होतो. मुलगी चार वर्षांची होती. एका बागेत नेलं होतं, तिथं ते वजनाचं यंत्र होतं — उभं राहायचं, वर रंगीत दिवे फिरतात, चाक फिरतं, आणि चित्र छापलेलं एक कार्ड बाहेर येतं, त्यावर आकडा. सकाळपासून तिचं एकच चाललं होतं, दिव्यांवर उभं राहायचं, दिव्यांवर उभं राहायचं. मग रांगेत उभे राहिलो आणि आला एकदाचा तिचा नंबर. उभी राहिली, दिवे फिरले, कार्ड आलं. सोळा किलो. तिनं ते कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "बाबा, मी सोळा!" इतकी खूश झाली होती, काय सांगू तुम्हाला. आणि मी सकाळीच घरी तिचं वजन केलं होतं, पंधरा तीनशे. म्हणजे सातशे ग्रॅमची चूक. मी ते कार्ड तिच्या हातातून घेतलं, पुरावा म्हणून. यंत्र बंद केलं, पट्टी लावली, सही केली. मागे वीसेक मुलं उभी होती रांगेत. दिवेसुद्धा बंद झाले ना, तारच काढावी लागली. येताना रस्ताभर मी तिला समजावत होतो, की बघ, तू सोळा नाहीस, तू पंधरा तीनशे आहेस, यंत्र खोटं बोललं. घराच्या दारात आल्यावर म्हणाली, "पण मला सोळा आवडलं होतं."

यंत्र चुकीचंच होतं, साहेब. ते मी आजही लिहून देईन. पण सातशे ग्रॅमनं कुणाचं काय वाकडं झालं असतं? — हे मी हिलाही कधी म्हणालो नाही. तुम्हाला का सांगतोय मी हे? तुम्ही मला नुसतं विचारलं होतं की टोपी का घातली.

फोन वाजतोय तुमचा. घ्या ना, घ्या. मी बसतो गप्प.

— काय म्हणाले मोठे साहेब? सोडून द्या म्हणाले? बघा. मी म्हणालो नव्हतो? म्हणजे नसेन म्हणालो, पण मनात होतं. फक्त काय? नोंद करायची. करा की. वस्तू काय, संख्या किती, ते सांगितलंच आहे, पाचाची दोन, एकाचं एक — वजन करून? वजन करून लिहायचं म्हणाले? अहो, ती वजनंच आहेत. वजनाचं वजन कशाला करता? बरं. नियम आहे तर नियम आहे. नियमाला मी कोण नाही म्हणणार? ठेवा. पाचाचं आधी, मधोमध. त्याच्यावर दुसरं. हळू. टोपी काढा आधी, टोपीचं वजन येईल — नाही, असू द्या. असू द्या टोपी. कपड्यांशिवाय, कपड्यांसकट, काय फरक पडतो? — पडतो तसा. तीस ग्रॅम आहे ओली असताना. काढा ती टोपी, मी धरतो. हां. आता पायांची दोन.

माझा हात? कुठे जातोय? कुठे नाही. काट्याच्या उजव्या अंगाला एक बटण असतं, तेवढंच दाखवत होतो. एकदा दाबलं की — नाही. काही नाही. हा घेतला हात मागे. हा घातला खिशात. दोन्ही घालतो. तुम्ही वाचा. मी खिडकीत बघतो, ते बघा कारंजं पुन्हा सुरू झालं, बारानंतर बंद करतात वाटलं होतं मला. उद्या तिला आधी तिथं नेईन आणि मग इकडे. कपड्यांचा दुसरा जोड बरोबर ठेवायचा, पुस्तकात आहे. उद्या दहा वाजून वीस मिनिटांनी येऊ आम्ही दोघं. उद्या चौकट नाही वाजणार. आणि तुमची हरकत नसेल तर तिला जरा याच्यावर उभी करीन. दिवे नाहीत याला, पण आकडा लाल आहे, लाल आवडतं तिला म्हणे. जो येईल तो येईल.

वाचलंत? मोठ्यानं सांगा. — अकरा सहाशे.

हो, मी मघाशी अकरा चारशेच म्हणालो होतो. बरोबर ऐकलंत तुम्ही. — नाही. — नाही, साहेब, काटा ठीक आहे तुमचा. तीन आठवडे झाले मुलीनं सांगून. या वयात वाढतात मुलं. लिहा तुम्ही, अकरा सहाशे.